तीन वेली

माझ्या वडिलांच्या नावात एक गाव आहे, एका अक्षराएवढं. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, पगाराच्या चिठ्ठीवर ते आयुष्यभर 'के. एस.' राहिले आणि आडनावाच्या रकान्यात 'राव' लिहीत आले. 'एस' म्हणजे आजोबा. 'के' म्हणजे गाव. तिकडे, तमिळ मुलखात, जुन्या रीतीत नाव असंच लिहितात: आधी गाव, मग बाप, मग माणूस. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतात. ते १८२८ साली कुंभकोणमला जन्मले आणि त्यांचा 'टी' म्हणजे तंजावर. आमच्या 'के'चं पूर्ण नाव इथे लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि ज्यांच्याविषयी पुढे लिहायचं आहे ती माणसं अजून तिथे राहतात.

अप्पा नऊ वर्षांचे असताना, १९५५ साली, आजोबांनी जमीन विकली आणि माटुंग्याला दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं. त्यानंतर आमच्या घरातलं कोणीही गावाला गेलं नाही. का गेलं नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आम्ही तंजावरचे मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे १६७०च्या दशकात तंजावरला गादीवर बसले. १८५५ साली शेवटचे राजे मुलगा नसताना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. या पावणेदोनशे वर्षांत महाराष्ट्रातून माणसं जात राहिली: शिपाई, कारकून, शिंपी, पुरोहित, कीर्तनकार. राज्य गेलं, माणसं राहिली. आमच्यासारख्या ब्राह्मणांना तिथले लोक 'रायर' म्हणत. घराबाहेर तमिळ, घरात मराठी, आणि ती मराठीसुद्धा पुण्यामुंबईच्या मराठीशी दोन-अडीचशे वर्षं गाठ न पडलेली. आजी 'कुठे' म्हणत नसे, 'कोठे' म्हणायची. तिचं वाक्य तमिळच्या चालीवर चढायचं आणि शेवटी मराठी क्रियापदावर येऊन टेकायचं. माटुंग्यातल्या मराठी शाळेत अप्पांना मुलांनी 'मद्रासी' ठरवलं. वर्षभरात त्यांनी घरची मराठी टाकली आणि पुस्तकातली उचलली. १९६०चं दशक संपत आलं तेव्हा मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण तापलं होतं. त्या दिवसांत अप्पा लोकलमध्ये मराठी वर्तमानपत्र उघडं धरून बसायचे. मासिक पास काढतात तसं ते रोज सकाळी न चुकता विकत घ्यायचे.

आजीने मात्र काही टाकलं नाही. तिच्या गोष्टी एकाच वाक्याने सुरू व्हायच्या: 'आमच्याकडे तीन वेली होत्या.' लहानपणी मला वाटायचं, जाईच्या, जुईच्या, मोगऱ्याच्या असणार. मोठं घर, मधला चौक, त्यावर चढलेल्या तीन वेली, खाली सावलीत बसलेली आजी. कॉलेजात गेल्यावर कधीतरी कळलं की वेली हे तमिळ मुलखातलं जमिनीचं माप आहे. एक वेली म्हणजे साडेसहा एकरांहून थोडी जास्त. तीन वेली म्हणजे वीस एकर, कावेरीच्या कालव्याखालची भातजमीन. हे कळूनही माझ्या मनातल्या त्या फुलांच्या वेली गेल्या नाहीत. आणि वीस एकर भात कोण लावायचं, कोण कापायचं, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही.

गावाहून आणलेल्या तीन वस्तू आमच्या पुण्याच्या घरी अजून आहेत. नाचियारकोइलची उंच पितळी समई, सोन्याचा वर्ख लावलेलं तंजावरी शैलीतलं बाळकृष्णाचं चित्र, आणि पडी. पडी म्हणजे धान्याचं माप, दंडगोल, जाड पितळेचं. आठ पडींचं एक मरक्काल, बारा मरक्कालांचं एक कलम. हा हिशेब आजी आम्हा नातवंडांकडून पाढ्यासारखा म्हणवून घ्यायची. दिवाळीला समईबरोबर पडीही चिंचेने घासली जाई. एरवी ती तांदळाच्या डब्यात असते. माझ्या आईने, मी, माझ्या मुलीने, सगळ्यांनी तिने तांदूळ मोजले आहेत.

या जानेवारीत अप्पांना न्यायचं ठरवलं. म्हटलं तर कारण काहीच नव्हतं. त्यांच्या गुडघ्यांनी अजून एखादा प्रवास झेपेल असं डॉक्टर म्हणाले, एवढंच.

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून तंजावरला रात्री जी गाडी निघते तिचं नाव 'उळवन एक्सप्रेस'. उळवन म्हणजे नांगर धरणारा, शेतकरी. अप्पांनी फलाटावर पाटी अक्षर अक्षर लावून वाचली. त्यांचं तमिळ नऊ वर्षांच्या मुलाचं आहे, हे मला त्या प्रवासात प्रथम समजलं. शब्द सगळे घरातले, परसातले, नदीकाठचे. बँक, तिकीट, रक्तदाब यांना त्यांच्याकडे तमिळ शब्दच नाहीत. समोरच्या बर्थवरच्या बाईंशी ते बोलत होते आणि त्या बाई हळूहळू हसू लागल्या. थट्टेने नाही, एखादं मूल मोठ्या माणसासारखं बोलायला लागलं की आपल्याला जसं हसू येतं तसं. एकोणऐंशीव्या वर्षी माझे वडील त्या भाषेत लहान होते.

तंजावरचा दिवस अप्पांना हवा होता तसाच गेला. बृहदीश्वराच्या देवळाविषयी मी काय लिहू? राजराज चोळाने ते १०१० साली पुरं केलं, तेव्हा मराठीत जेमतेम शिलालेख कोरले जाऊ लागले होते. आम्हाला मात्र देऊळ पाहायचं नव्हतं, त्याच्या प्राकाराची भिंत पाहायची होती. तिथे भोसल्यांच्या वंशाचं चरित्र कोरलेलं आहे: १८०३ साल, सरफोजी राजांची कारकीर्द, लिहिणारे बाबूराव चिटणीस, भाषा मराठी, लिपी देवनागरी. ओळींमागून ओळी. तमिळ आणि ग्रंथ लिपीतल्या शेकडो लेखांच्या त्या दगडी पसाऱ्यात अचानक आपलं अक्षर दिसतं आणि पोटात काहीतरी हलतं, हे मी मोकळेपणाने सांगते. अप्पा भिंतीला नाक लावून वाचत होते. बोट दगडाला न लावता, चार अंगुळं दूर धरून, ओळीवरून पुढे पुढे. कोणाला कोण पुत्र झाला, त्याने काय जिंकलं, त्याच्या पोटी कोण. अर्ध्या तासाने ते म्हणाले, 'सगळ्यांची नावं आहेत बघ.' त्या वेळी मला हे वाक्य फार आवडलं होतं.

सरफोजींचा ग्रंथसंग्रह, सरस्वती महाल, आम्ही दुपारी पाहिला. जेवताना अप्पांनी सांबारची गोष्ट सांगितली. संभाजीराजे पाहुणे आले, मुदपाकखान्यात आमसूल संपलं होतं, म्हणून आमटीत चिंच घातली आणि तिला त्यांचं नाव पडलं. याला पुरावा काही नाही, पण आमच्या घरात ही गोष्ट रामायणाइतकी खरी मानली जाते. कोशिंबिरीचं मात्र खरं आहे. तमिळ घरांतली 'कोसुमल्ली' खाऊन पाहा आणि तिचं नाव दोनदा मोठ्याने म्हणा.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने पापनाशम, कुंभकोणम करत गावाकडे निघालो. पोंगल होऊन चार दिवस झाले होते. दारादारांत रांगोळ्या अजून टिकून होत्या, उसाची चिपाडं ओढ्याकाठी पडली होती, बैलांच्या शिंगांचा रंग ताजा होता. सांबा भाताची कापणी सुरू होती. साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी कापणीयंत्रं खाचरांत रुतत पुढे जात होती आणि कापलेलं भात रस्त्याच्या अर्ध्या भागावर वाळत पडलं होतं. गाड्या त्याला वळसा घालून जात होत्या. अप्पा खिडकीतून पाण्याची नावं घेत होते. ही कावेरी, हा अरसलार, हा वाय्क्काल, म्हणजे पाट. त्या सपाट प्रदेशात प्रत्येक पाण्याला नाव आहे, कारण प्रत्येक पाण्याला पाळी आहे. मेट्टूरचं धरण १९३४ साली झालं. तेव्हापासून पाऊसपाणी बरं असेल तर १२ जूनला दरवाजे उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. अप्पांना दुसऱ्या कुठल्याच तारखा धडपणे लक्षात राहत नाहीत. ह्या दोन त्यांनी मला विचारल्याशिवाय सांगितल्या.

अग्रहारम म्हणजे ब्राह्मणांची गल्ली, देवळापासून तळ्यापर्यंत सरळ, दोन्ही बाजूंना एकमेकांना भिंती चिकटलेली लांबोळकी घरं. पुढे ओटा, त्याला तिकडे तिण्णै म्हणतात. आत उघडा चौक, त्यामागे स्वयंपाकघर, त्यामागे परसू, विहीर, गोठा. तीसेक घरांपैकी बऱ्याच घरांना कुलपं होती. काही पडली होती. काही नव्या सिमेंटची, टाइल लावलेली, दुसऱ्यांची. आमचं घर ज्यांच्याकडे आहे त्यांचं ट्रॅक्टर आणि यंत्रं भाड्याने देण्याचं काम आहे. त्यांनी आम्हाला ओट्यावर उभंच राहू दिलं नाही, सरळ आत नेलं, कॉफी केली, आणि 'हे तुमचंच घर' म्हणाले. असं म्हणायची रीत असते हे माहीत असूनही अप्पांचा गळा दाटला.

पुढचा अर्धा भाग पाडून बांधलेला आहे. चौकाचे चार लाकडी खांब मात्र आहेत आणि विहीर आहे. विहिरीच्या काठच्या दगडाला दोरांनी पडलेल्या खाचा आहेत. अप्पांनी एका खाचेत करंगळी घातली, मग दुसरीत, मग तिसरीत. 'ही खोल. ही उथळ. ही सर्वांत खोल, इथून अम्मा ओढायची.' सत्तर वर्षांनी हाताला ते आठवत होतं. मी फोटो काढला नाही. काढायला हवा होता, असं आता वाटतं.

गल्लीच्या टोकाला एक घर उघडं होतं. तिथे चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात, नऊवारी नेसून. मुलं चेन्नईला आणि अमेरिकेत. टॅक्सीची बातमी आमच्याआधी तिथे पोचली होती. आम्ही दारात पाय ठेवला आणि आतून आवाज आला, 'कोठे होतात इत्के दिवस?'

माझी आजी जाऊन बावीस वर्षं झाली. तो 'कोठे' पुन्हा ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मी रडले. त्या म्हणाल्या, 'भूक लागली असणार,' आणि पानं मांडली. रसवांगी केली होती: वांगी, तुरीची डाळ, चिंच, आणि धणे, हरभऱ्याची डाळ, लाल मिरची भाजून खोबऱ्याबरोबर वाटलेला मसाला. सोबत डांगर पच्चडी. उडदाचं डांगर आपल्याकडे ताकात कालवतात, तेच; फक्त नावाला तमिळ शेपूट लागलं आहे. त्यांनी विचारलं, पुण्यात सगळे मराठीच बोलतात का? दुकानातसुद्धा? बसमध्येसुद्धा? मी हो म्हटलं. त्या बराच वेळ त्याचा विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मला आता गाईशी बोलायला लागतं.' गाय परसात उभी होती. बाईंनी तिला मराठीत हाक मारली आणि तिने मान वळवली.

इथे लेख संपवता आला असता. अप्पांना आणि मला जे हवं होतं ते मिळालं होतं. निघताना आजी सहज म्हणाल्या की तुमच्या गोठ्यावर होता तो अजून आहे, भेटून जा. कालव्यापलीकडे.

कालव्यापलीकडे म्हणजे चेरी, दलितांची वस्ती. अग्रहारमपासून चालत दहा मिनिटं. अप्पा नऊ वर्षं या गावात राहिले, नदीचं, पाटांचं, विहिरीच्या खाचांचं त्यांना सगळं ठाऊक होतं. कालव्यावरचा छोटा पूल त्यांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ओलांडला.

ते गृहस्थ पंच्याऐंशीच्या आसपासचे. सिमेंटचं छोटं घर, दारात प्लास्टिकच्या खुर्च्या, नातू सरकारी शाळेत शिक्षक. अप्पांना पाहून ते उठले. अप्पा घाईने पुढे झाले आणि म्हणाले, 'नी उक्कारु.' तू बस.

तमिळमध्ये 'नी' म्हणजे तू आणि 'नींग' म्हणजे तुम्ही. दोन दिवस अप्पा सगळ्यांना न चुकता 'नींग' म्हणत होते. टॅक्सीवाल्याला, घराच्या मालकांना, कॉफी देणाऱ्या पोराला. कारण लहानपणी ते मोठ्यांना तसंच म्हणत. या एका माणसाशी मात्र ते लहानपणी जसे बोलले होते तसंच तोंडातून आलं. समोरचा सहा वर्षांनी मोठा होता तरी. त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. 'नींग,' ते म्हणाले, 'नींग उक्कारुंग.' म्हातारबाबा बसले नाहीत. त्यांनी 'सामी' म्हणून हात जोडले. नातू मध्येच तमिळमध्ये काहीतरी बोलला, सौम्यपणे पण ठामपणे. मग तिघेही एकदम बसले. नातवाने नंतर मला इंग्रजीत सांगितलं: मी ताताला, म्हणजे आजोबांना, म्हटलं, सर म्हण, सामी म्हणू नकोस.

ते आमच्या गुरांमागे होते आणि त्यांचे वडील आमचे पण्णैयाळ, म्हणजे शेताला बांधलेले गडी. त्यांनी गाईंची नावं सांगितली. लक्ष्मी, कावेरी, कपिला, आणि शिंग मोडलेली कामाक्षी. माझ्या अंगावर काटा आला, कारण ही नावं मला पाठ होती. आजीच्या गोष्टींत त्या सगळ्या गाई होत्या, कोणती कधी व्यायली, कोणती लाथाडायची, सगळं. पण त्यांना चरायला नेणारा मुलगा त्या गोष्टींत कधीच नव्हता. गाई आपल्या आपण जात आणि आपल्या आपण येत. त्या मुलाचं नाव मला त्या दिवशी कळलं. ते घरात कधी उच्चारलं गेल्याचं अप्पांनाही आठवेना. 'तो परसाच्या दाराशी यायचा,' एवढंच अप्पा म्हणाले. 'अम्मा वरून पाणी ओतायची. ओंजळीत.'

मी विचारलं, मजुरी काय मिळायची? नातवाने प्रश्न पोचवला. म्हातारबाबा अगदी साध्या आवाजात बोलू लागले, हवामान सांगावं तसे. भात मिळायचं. कापणीनंतर खळ्यावर मापून. मोठ्या सामींकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, पडी दोन होत्या, एक थोरली, एक धाकटी. उसनं दिलेलं भात परत घ्यायचं ते थोरलीने, शीग लावून. मजुरी द्यायची ती धाकटीने, आणि वरून असा हात फिरवून. त्यांनी हवेत तळहात आडवा फिरवला. उभ्या दंडगोलावरून जादा दाणे खाली पाडणारा तो हात इतका नेमका होता की मला माप दिसलं.

नातू हे भाषांतर करताना माझ्याकडे पाहत नव्हता.

अप्पा म्हणाले, 'धाकटी कशी ओळखायची?'

'कडेखाली तांब्याचा खिळा आहे. एकदा चीर गेली होती. माझा बाप कुंभकोणमला पात्रवाल्याकडे चालत घेऊन गेला आणि सांधून आणली. चालत आणली.'

मग १९५२चा कायदा आला. तंजावर जिल्ह्यातल्या कुळांसाठी आणि पण्णैयाळांसाठी खास झालेला तो कायदा. गड्याला मर्जी फिरली म्हणून हाकलता येणार नाही, मजुरी ठरल्याप्रमाणे द्यावी लागेल. गावात बैठका झाल्या, लाल झेंडे आले. तीन वर्षांनी मोठ्या सामींनी जमीन विकली. आमच्या घरी हे 'मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला आलो' असं सांगितलं जातं. दोन्ही खरं असेल. म्हातारबाबांनी त्याबद्दल मत दिलं नाही. त्यांना जास्त उत्साहाने सांगायचं होतं ते १९७१च्या कायद्याविषयी. त्याने शेतमजुरांना राहत्या झोपडीखालची जागा मालकीची मिळाली. त्यांनी जमिनीकडे, आमच्या खुर्च्यांखाली, बोट दाखवलं. ही. मग नातवाने आतून पट्ट्याचा, म्हणजे जागेच्या मालकीचा, कागद आणला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला, आणि अप्पांनी तोही आदल्या दिवशीच्या शिलालेखासारखाच वाचला, बोट कागदापासून चार अंगुळं दूर धरून. त्यावर म्हातारबाबांच्या वडिलांचं नाव होतं. त्या घराण्याचं लेखी आलेलं ते पहिलं नाव, नातू म्हणाला. त्याच्या आधीचं कोणाला सांगता येत नाही.

निघताना त्यांनी आम्हाला दोन नारळ दिले. 'पोयिट्टु वांग,' म्हणाले, जाऊन या. तमिळमध्येही आपल्यासारखंच निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'पोयिट्टु वरेन,' अप्पा म्हणाले. जाऊन येतो.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. टॅक्सीत बराच वेळ कोणी बोललं नाही. कुंभकोणमचे दिवे दिसायला लागल्यावर अप्पांनी १९६८ सालची गोष्ट काढली. २५ डिसेंबरच्या रात्री नागपट्टिनमजवळच्या कीळवेण्मणी गावात मजुरी वाढवून मागणाऱ्या शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांची माणसं चालून गेली. जीव वाचवायला झोपडीत शिरलेल्या चव्वेचाळीस जणांना, बहुतेक बायका आणि मुलं, बाहेरून आग लावून जाळलं. सगळे दलित. पुढे उच्च न्यायालयात आरोपी सुटले. तो त्या वेळचा तंजावर जिल्हाच. माटुंग्याच्या खोलीत आजोबांनी ती बातमी वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, 'बरं झालं, आपण वेळेवर विकून निघालो.' अप्पा तेव्हा बावीस वर्षांचे होते. 'मलाही बरंच वाटलं होतं,' ते म्हणाले. 'तेवढंच वाटलं होतं.'

आजोबा क्रूर नव्हते. हे मी त्यांची नात म्हणून लिहीत नाही. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी, कालव्यापलीकडच्यांनीही, तेच सांगितलं. ते शिव्या देत नसत, मारत नसत, आजाऱ्याला औषध देत. आणि त्यांच्याकडे दोन पडी होत्या. या दोन वाक्यांच्या मध्ये 'पण' घालावा असं मला फार वाटलं, दोनतीनदा घालूनही पाहिला. तो तिथे बसत नाही. मजुरीच्या मापाचा खोटेपणा रागाच्या भरात होत नाही. ते माप कोणीतरी शांतपणे, कारागिराकडून, पितळ ओतून करवून घेतलेलं असतं. आणि आम्ही ते मुंबईला येताना बरोबर आणलं. बाकीची भांडी विकली, पाट विकले, पाळणा विकला. ही आणली. बहुतेक हलकी आणि लहान होती म्हणून.

माझी आजी खोटं बोलली असं मला वाटत नाही. तिने जे सांगितलं ते सगळं मी स्वतः जाऊन पाहिलं: चौक, खांब, विहीर, रसवांगीची चव. तिची भाषा तर तिच्यापेक्षा टिकली. पण 'आमच्याकडे तीन वेली होत्या' या वाक्याचा कर्ता कोण, हे मी चाळीस वर्षं तपासलं नाही. मराठी मुलूख सोडून इतक्या दूर जाऊन आपण भाषा जपली, याचा अभिमान आमच्या घराला आहे आणि तो मलाही आहे, आजही. माझी एवढीच इच्छा आहे की माझ्या मुलीला ही गोष्ट मी सांगेन तेव्हा तिच्यात गाईंच्या नावांबरोबर त्या मुलाचंही नाव असावं. तिला मी ते सांगितलं आहे. इथे लिहिलं नाही, कारण मी त्यांना तसं विचारलं नव्हतं.

पुण्याला पोचलो त्या रात्री अप्पांनी प्रवासाचे बूटही काढले नाहीत, सरळ स्वयंपाकघरात गेले. डब्यातली पडी काढून दिव्याखाली फिरवली. काही दिसेना. पन्नाससाठ दिवाळ्यांच्या चिंचेने ती इतकी घासली गेली होती की सगळीकडे एकच झळाळी होती. मग त्यांनी नखाने कड चाचपली, विहिरीच्या खाचा चाचपल्या तशी. कडेखाली अर्धा इंच, पितळेहून किंचित लाल, मसूरएवढा ठिपका. त्याच्या दोन्ही बाजूंना केसासारखी रेघ.

गाव सोडताना नातवाने माझा नंबर घेतला होता. म्हणाला होता, असेल तर फोटो पाठवा, आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे उंची कळेल. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली, पडी ओट्यावर ठेवली, खिळा समोर आणला आणि फोटो पाठवला. अकरा वाजून गेले होते. सकाळी उत्तर आलं होतं.

'ताताला दाखवलं. म्हणाला, हीच.'